बाहेर कमी, आत जास्त

धुळ्यात देवपूरला प्रेमराज मिस्तरींची पत्र्याची लांबोडी शेड आहे. पुढच्या अर्ध्या भागात दारं, चौकटी आणि पलंग तयार होतात. मागे प्लायवूडची भिंत घालून एक खोली काढलेली आहे, तिथे त्यांची मुलगी दिपमाला युकुलेले बनवते. चार तारांचं, गिटारसारखं दिसणारं, पण कडेवर घेता येईल एवढं छोटं वाद्य. पुण्यात एका गिटार बनवणाऱ्याकडे दोन वर्षं काम शिकून ती परत आली, त्याला आता सहा वर्षं झाली. गल्लीतले लोक अजून विचारतात, "मिस्तरी, पोरगी गिटारची पिल्लं बनवते म्हणे?" आणि प्रेमराज हसून मान हलवतात.

तिची गिऱ्हाइकं लांबची; पुण्याची, बंगळूरची, गोव्याची. ऑर्डर आली की ती मोबाइलवर एक फॉर्म पाठवते. त्यात चौदा प्रश्न. लाकूड कोणतं, आकार कोणता, मधल्या भोकाभोवती नक्षी कसली, बोटं दाबायच्या पट्टीवर शिंपल्याचे ठिपके हवेत की दुसरं काही, डोक्यावर नाव कोणाचं. उत्तरं वाचायला तिला फार आवडतं. एकीने आपल्या मेलेल्या मांजरीच्या पंजाची नक्षी बसवून घेतली होती. एकाने जन्माच्या वेळी आकाशात जसे तारे होते तसेच ठिपके मागितले होते आणि त्यासाठी दिपमालाने रात्री आकाशाचा नकाशा समोर ठेवून भोकं पाडली होती. आवाजाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नसे. आवाज चांगलाच असणार, असं सगळे धरून चालत.

जानेवारीत एका अनोळखी नंबराला तिने हाच फॉर्म पाठवला. उत्तर दोन दिवसांनी आलं. चौदाही रकाने रिकामे होते आणि खाली एकच ओळ होती: "बाहेर कमी आणि आत जास्त वाजेल असं बनवता येईल का?"

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग फोन लावला. समोरून कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग मेसेज आला: "फोन नको. ऐकू येत नाही. मंगळवारी येतो. अभिमन, अमळनेर."

ज्याला ऐकू येत नाही त्याला वाद्य कशाला हवं, हा प्रश्न मंगळवारपर्यंत तिच्या डोक्यातून हलला नाही. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "हो, हो," आणि चौकटीला खिळा ठोकत राहिले.

अभिमन नाना आले ते साडेदहाच्या एसटीने. साठी ओलांडलेले, अंगाने किरकोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात शंभर पानी वही आणि खिशात दोन पेन. आत येताच त्यांनी वही दिपमालाच्या पुढे धरली.

"मन्हं नाव अभिमन. तू लिखीसन बोल बेटा, माले ऐकू येस नही. मी बोलेल, तू लिहिशील. चालेल?"

अर्धं अहिराणी, अर्धं शाळेतलं मराठी, अशी त्यांची बोली होती. दिपमालाने लिहिलं: "चालेल नाना. पण वाद्य कशाला?"

नाना वाचून हसले. राग आला नव्हता. उलट असं सरळ विचारलेलं त्यांना बरं वाटलं असावं. ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले.

बत्तीस वर्षं ते लग्नाच्या बॅण्डमध्ये बेंजो, म्हणजे कळा दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, वाजवत होते. अमळनेर, पारोळा, चोपडा, पार शिरपूरपर्यंत त्यांच्या पार्टीला सुपारी असे. गाडीवर चार भोंगे आणि त्यांच्या बरोब्बर पुढे नानांची खुर्ची. आधी रात्री झोपताना कानात शिट्टी वाजायची. मग पोरं दोनदा हाक मारू लागली. मग एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी गाणं बदलायला सांगितलं, आणि नाना जुनंच गाणं आणखी दहा मिनिटं वाजवत राहिले. लोक हसत होते, ते खुशीने हसताहेत असं नानांना वाटलं. त्या लग्नानंतर त्यांनी बेंजो विकला. उजवा कान पूर्ण गेला होता. डाव्याला मशीन लावलं, त्यातून आधी माणसाचं बोलणं थोडंफार कळे, पण गाणं म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं. पुढे बोलणंही कळेनासं झालं.

"चार वर्षं काहीच नाही," नाना म्हणाले. "दिवाळीले जळगावले गेलो, मन्ही पोर शिल्पाकडे. तिच्या पोरीचं असंच एक खेळणं होतं. पोरगी म्हणे, आबा, धरा. मी धरलं. तार छेडली. काही नाही. मग असं धरलं..."

ते उठले. भिंतीवर टांगलेल्या युकुलेलेंपैकी एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई वाजाडी दखू का?"

दिपमालाने काढून दिलं. नानांनी ते छातीपाशी घेतलं, मग आणखी वर सरकवलं, आणि वाद्याच्या वरच्या काठावर डाव्या जबड्याचं हाड टेकवलं. अंगठ्याने एक तार छेडली. डोळे मिटले. तार थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मग दुसरी तार. मग तिसरी.

"आठे येतं," त्यांनी जबड्यावर बोट ठेवलं. "कान नही लागत."

ते वाद्य त्यांच्या हातातून दिपमालाने जवळजवळ हिसकावूनच घेतलं. कानात कापसाचे बोळे कोंबले, वरून तळहात दाबता येईना म्हणून खांदा उचलून एक कान झाकला, दुसरा बोटाने बंद केला, आणि जबडा काठावर टेकवून तार ओढली. सूर आला. लांबून नाही, डोक्याच्या मधोमध. दातांतून वर चढणारा, जाडसर, उबदार. सहा वर्षं ती ही वाद्यं बनवत होती आणि त्यांचा हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता.

तिने वहीत लिहिलं: "पण बाहेर कमी का हवं?"

नानांनी ओळ वाचून वही मिटली. "बत्तीस वर्षं लोक नाचले पाहिजे म्हणून वाजवलं. नवरदेवले काय आवडतं, त्याना मामाले काय आवडतं, ते बठ्ठं, सगळं, माले पाठ. माले स्वतःले काय आवडतं ते माहीतच नही. आता ऐकणारा मी एकटाच शे. मग दखू ना, काय आवडतं ते. आजूबाजूले कशाला त्रास?"

दिपमालाने फॉर्म काढला. सवयीने पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. रंग? नानांनी खांदे उडवले. नक्षी? तेच. तुमच्या जुन्या बेंजोची एखादी कळ मिळाली तर ती डोक्यावर बसवू, असं तिने मोठ्या उत्साहाने लिहिलं. तिला ही कल्पना फार सुंदर वाटली होती.

"तो बेंजो आता चोपड्याना एक पोऱ्या वाजाडस," नाना म्हणाले. "त्याची कळ कशी काढू?"

तिने फॉर्म मिटवून ठेवला.

पुढच्या मंगळवारी लाकडांची परीक्षा झाली. दिपमालाने सात पट्ट्या कापल्या, सगळ्या एकाच मापाच्या, आणि त्यांच्यावर पेन्सिलीने फक्त आकडे लिहिले. तिच्याकडे एक ट्यूनिंग फोर्क होता. दोन दात्यांचा पोलादी चिमटा, आपटला की एकच शुद्ध सूर देणारा. पट्टीचं एक टोक नानांच्या जबड्यावर, दुसऱ्या टोकावर चिमट्याची दांडी. नानांनी डोळे मिटायचे आणि काय वाटलं ते सांगायचं.

तिचा कयास होता की शिसम जिंकणार. शिसम महाग, दिसायला राजेशाही, बंगळूरची माणसं तेच मागतात. नाना म्हणाले, "काचना ग्लास दातले लागल्यासारखं." सागवानावर म्हणाले, "बोलतं, पण उशिरा बोलतं." फणसावर त्यांनी तोंडच वाकडं केलं. एका पट्टीवर मात्र ते थांबले. हाताने खूण केली, पुन्हा. पुन्हा झालं, पुन्हा खूण.

"हाई कोणतं?"

दिपमालाने आकडा पाहिला. शिवण. पोळपाट, मुलांची खेळणी आणि स्वस्तातल्या खोक्यांसाठी लोक मागतात ते हलकं, फिकट लाकूड. ढोलकीच्या खोडालाही चालतं. तिने ते केवळ सात हा आकडा पुरा करायला घेतलं होतं.

"हाई चांगलं शे. यात बसता येतं," नाना म्हणाले. सुरात बसता येतं म्हणजे काय, हे तिने लिहून विचारलं नाही. तिने स्वतः ती पट्टी जबड्याला लावली, चिमटा आपटला, आणि तिला ते कळलं.

मग एकेक गोष्ट अशीच सापडत गेली. युकुलेलेची सगळ्यात वरची तार बारीक असते, उंच सुराची. नानांनी ती छेडून विचारलं, "जाड तार कोठे गई?" तिने तिथे जाड तार लावून दिली. नाना खूश झाले. खालचा सूर हाडाला लवकर कळतो, वरचा दातातच अडकतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. सूर लावायला तिने एक छोटं यंत्र दाखवलं. ते वाद्याच्या डोक्याला चिमटीसारखं लागतं आणि सूर जुळला की हिरवा दिवा लागतो. ते हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतं, हे वाचल्यावर नानांनी त्या यंत्राकडे असं पाहिलं, जणू गावाकडचं कोणी भेटलं.

जबड्याखालचा काठ टोचत होता. तो किती आणि कुठे गोल करायचा? दिपमाला घरातून आईने मळलेली कणीक घेऊन आली, तिची वळी काठावर लावली आणि नानांना जबडा दाबायला सांगितलं. नानांच्या गालाला पीठ लागलं. कणकेत हाडाची अगदी खरी, वाकडी खाच उमटली. प्रेमराज दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसते हसले आणि परत आपल्या रंध्याकडे गेले.

सगळ्यात अवघड निर्णय भोकाचा होता. तिने सहज म्हणून एका वाद्याचं मधलं भोक पुठ्ठ्याने बंद केलं. बाहेरचा आवाज निम्म्यावर आला. नाना म्हणाले, जबड्यात काहीच कमी झालं नाही, उलट साफ झालं. म्हणजे भोक नको. पण भोकाशिवाय युकुलेले म्हणजे डोळ्याशिवाय चेहरा. त्याच्याभोवतीची नक्षी हीच तर तिची खासियत होती, तिच्यासाठीच लोक तिच्याकडे येत. घरी जाऊन ती बराच वेळ कागदावर बिनभोकाची चित्रं काढत बसली. प्रत्येक चित्र अर्धवट राहिल्यासारखं दिसत होतं. शेवटी तिने ठरवलं, करून तर बघू.

फेब्रुवारीत कच्चं वाद्य तयार झालं, आणि ते फसलं. बाहेर आवाज कमी होता, पण आतही कमीच होता. जो काठ तिने कणकेच्या साच्यावरून इतक्या मेहनतीने घासून गोल केला होता, तो मुका होता. तारांची थरथर पुढच्या पातळ फळीत फिरत होती आणि काठापर्यंत पोचता पोचता मरत होती. तिने काठ पातळ केला, फळी पातळ केली. काही फरक नाही. पुण्याच्या गुरूंना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, आम्ही आयुष्यभर आवाज बाहेर काढायच्या मागे लागलो. उलटं कधी केलं नाही."

नाना पुढच्या वेळी आले तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तिने वहीत तसं लिहिलं. नानांनी कच्चं वाद्य जबड्याला लावून पाहिलं, मान हलवली, आणि "सापडेल" एवढंच म्हणून बाहेर शेडमध्ये जाऊन बसले. चहा आला.

पुढच्या भागात त्या वेळी रंधा मशीन खरखरत होतं. प्रेमराजनी ते थोपटून पाहिलं, मग कोपऱ्यातून लांब पेचकस आणला. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. तसेच अर्धा मिनिट उभे राहिले. मग मशीन बंद करून म्हणाले, "डावं बेअरिंग गेलं."

दिपमालाने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. तंबाखूची पुडी उघडण्यासारखीच ती त्यांची एक सवय होती. नानांनी मात्र चहाचा ग्लास खाली ठेवला. ते उठले, प्रेमराजच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, आणि जोरात टाळी वाजवली.

प्रेमराज पेचकस पुसत होते. पुसतच राहिले.

नानांनी दुसरी टाळी वाजवली. मग दिपमालाकडे वळून म्हणाले, "तुना बापले ऐकू येस का?"

"येतं की," दिपमाला म्हणाली, आणि नानांना ते ऐकू येणार नाही हे विसरली. तिने वडिलांना हाक मारली. "आबा!" ते वळले नाहीत. ती पुढे गेली, त्यांच्या समोर उभी राहिली. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते नेहमी ओठांकडेच पाहतात, हे तिला त्या क्षणी दिसलं.

"आबा, ऐकू येत नाही तुम्हाला?"

प्रेमराजनी आधी नानांकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. मग पेचकस टेबलावर ठेवला.

"येतं थोडं. समोर असलं की येतं. मशीन चालू असलं की काही नाही."

"कधीपासून?"

"झाली सात-आठ वर्षं."

"आणि सांगितलं नाही?"

ते खाली बसले. भुशात बोटाने रेघ ओढत म्हणाले, "तू पुण्याहून आली, पहिलं वाद्य केलं. इथेच उभी राहून माले वाजवून दाखवलं. किती वेळ वाजवत होती. मी म्हटलं, भारी वाजतं. आता भारी म्हटल्यावर कसं सांगू, की काहीच ऐकू आलं नाही?"

सहा वर्षं दिपमालाला वाटत होतं, वडिलांना या कामात रस नाही. ती नवीन वाद्य घेऊन पुढे यायची, चार सूर वाजवायची, आणि ते "हो, हो, छान" म्हणून करवत उचलायचे. तिने दाखवणं बंद केलं होतं. मधली ती प्लायवूडची भिंतही त्यानंतरच घातली होती.

नानांना या बोलण्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता, पण त्यांना त्याची गरजही पडली नसावी. ते खोलीत गेले, भिंतीवरचं एक वाद्य काढलं आणि दिपमालाच्या हातात दिलं. मग पेचकस उचलून प्रेमराजच्या हातात.

"वाजाड," ते दिपमालाला म्हणाले.

प्रेमराजनी पेचकसाचं टोक वाद्याच्या घोडीजवळ टेकवलं. घोडी म्हणजे तारा जिच्यावर बसतात ती छोटी पट्टी. मूठ दातांत धरली. दिपमालाने तार छेडली. पहिला सूर खराब निघाला. मग तिने एक साधी चाल वाजवली, लहानपणी आई म्हणायची त्या ओवीची. प्रेमराज हलले नाहीत. चाल संपल्यावर त्यांनी मूठ दातांतून काढली, शर्टाच्या बाहीला पुसली, पुन्हा दातांत धरली आणि बोटाने खूण केली: आणखी.

तिने आणखी वाजवलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे तू बनवलं?"

"हो, आबा."

"चांगलं बनवलं."

आणि लगेच, सुतारच असल्यामुळे, त्यांनी पेचकस घोडीवरून काठाकडे सरकवला, इथे टेकव, तिथे टेकव असं करत वाद्याचा सगळा नकाशाच दातांनी वाचून काढला. घोडीपाशी जोर, काठापाशी काही नाही. त्यांनी नानांचं कच्चं वाद्य मागवलं. तेही तसंच तपासलं.

"याला आतून एक पट्टी टाक," ते म्हणाले. "घोडीपासून निघायची ती सरळ या काठात घुसवायची. मधे कुठे तुटू द्यायची नाही. तुझी फळी पातळ, तिच्यातून जोर चालत नाही. पेचकस काय करतो? सरळ नेतो. तेच काम पट्टीने करायचं."

इतकं सोपं होतं ते. दिपमालाने घाईघाईने वहीत आकृती काढून नानांपुढे धरली. नानांनी आकृती पाहिली, प्रेमराजकडे पाहिलं, आणि त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की मिस्तरींच्या टोपीतला भुसा उडाला.

पुढचे तीन आठवडे बापलेकीने ते वाद्य मिळून केलं. पट्टी प्रेमराजनी तासली. चौकटी करणाऱ्या हातांनी काडीएवढं लाकूड तासताना ते श्वास रोखून धरत. काम करताना दोघं समोरासमोर बसत, म्हणजे बोलता येई. मशीन बंद ठेवायची एक वेळही ठरली, दुपारी दोन ते चार. त्या वेळात प्रेमराज बरंच काही विचारत. सहा वर्षांचं साठलेलं विचारत. हा सरस कोणता, ही फळी इतकी पातळ का, तुटत कशी नाही.

मागची फळी चिकटवण्याआधी दिपमालाने नानांना बोलावून घेतलं. प्रत्येक वाद्याच्या आत ती एक कागद चिकटवते, मालकाच्या पसंतीच्या ओळीचा. एरवी तो भोकातून दिसतो.

"याला भोकच नही," नाना म्हणाले. "कोण वाचेल?"

तिने लिहिलं: "पुढेमागे कोणी दुरुस्तीला उघडलं, तर तो वाचेल."

नानांना ही गोष्ट पटली. त्यांनी कागद घेतला, पेन झटकलं, थोडा विचार केला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: "दुरुस्त करणाऱ्या भाऊला नमस्कार. हे वाद्य बिघडलेलं नाही. असंच बनवलेलं आहे."

दिपमालाने कागद आत चिकटवला आणि फळी बसवली.

वरची कोरी फळी बघून तिला अजून चुकचुकल्यासारखं होत होतं. नक्षीसाठी केवढी जागा! तिने नानांना शेवटचं विचारलं: काहीच नको? नानांनी फळीवरून तळहात फिरवला. शिवणीच्या फिकट लाकडात एका बाजूला तपकिरी रंगाची बारीक गाठ होती, तिच्यावर त्यांचं बोट अडलं. इतरांसाठी केलं असतं तर तिने ती फळी बाजूला टाकली असती. नाना म्हणाले, "हाई राहू दे. हातले कळतं, आपलंच शे म्हणून." तिने तिथे पॉलिशसुद्धा हलकं ठेवलं, गाठ हाताला लागावी म्हणून.

मार्चच्या शेवटी नाना वाद्य न्यायला आले. स्टुलावर बसले, जबडा खाचेत ठेवला. हाड असं बसलं की वाद्य हाताने धरायचीही गरज उरली नाही. त्यांनी सूर लावले, हिरवा दिवा चार वेळा लागला, आणि ते वाजवू लागले. दोन हात अंतरावर उभ्या दिपमालाला जेमतेम कुजबुज ऐकू येत होती, दुसऱ्या खोलीत कोणी कागद चाळतंय एवढीच. चाल ओळखता येत नव्हती. नानांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी चाललं होतं. भुवया वर जात होत्या, मधेच ते थांबत होते, एकाच सुरावर तीन-चारदा परत येत होते. एकदा ते स्वतःशीच हसले. प्रेमराजना राहवेना. त्यांनी पेचकस आणला. नानांनी वाद्य थोडं पुढे केलं, आणि दोघं म्हातारे एकाच लाकडाला तोंड लावून बराच वेळ बसले.

"काय वाजवत होते?" दिपमालाने वडिलांना नंतर विचारलं.

"गाणं नव्हतं," प्रेमराज म्हणाले. "एकच सूर धरत होते, सोडत होते. पण काय धरत होते!"

त्याच आठवड्यात तिने वडिलांच्या कानांची तपासणी करून घेतली होती. डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं होतं आणि रंध्यावर कानाला जाड टोप्या लावायची सक्त ताकीद दिली होती. टोप्या लावून प्रेमराज आता एखाद्या विमानतळावरच्या माणसासारखे दिसत, आणि गल्लीतल्या लोकांना हसायला आणखी एक निमित्त मिळालं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

दुपारी दिपमाला नानांना स्कूटरवरून धुळे स्टॅण्डवर सोडायला गेली. अमळनेरची गाडी लागलेली होती. नानांना खिडकी मिळाली, मागच्या चाकावरची. त्यांनी पिशवीतून वाद्य काढून मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि सगळी एसटी, काचा, पत्रे, दांडे, जशी थरथरते तशी थरथरू लागली. नानांनी वाद्याचं बूड खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि सहज जबडा खाचेत ठेवला. त्यांचे डोळे मोठे झाले.

"बेटा!" ते खिडकीतून ओरडले, स्टॅण्डवरची चार माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्याने. "गाडीबी ऐकू येस! बठ्ठी गाडी!"

शेजारी बसलेल्या फेटेवाल्याने विचारलं, काय झालं, भाऊ? नानांना ते ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून समजलं. त्यांनी वाद्याचं बूड पुढच्या दांड्याला टेकवून काठ त्याच्या जबड्याला लावला, त्याच्या कानात आपली बोटं घातली आणि वाट बघत थांबले. फेटेवाला आधी दचकला, मग स्तब्ध झाला. मागच्या सीटवरची बाई पुढे वाकली.

गाडी मागे सरकली, वळली आणि स्टॅण्डाबाहेर निघाली. ती वळेपर्यंत दिपमालाला मागच्या काचेतून दिसत होतं, वाद्य एका सीटवरून दुसऱ्या सीटवर गेलं होतं आणि नाना उभे राहून कोणाला तरी दाखवत होते, जबडा नेमका कुठे टेकवायचा ते.